रविवारी न उठणारा डेटाबेस

मी काय काम करते हे ओळखीच्या मराठी माणसांना समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात असते म्हटलं की समोरचा विचारतो, डॉक्टर का? नाही. मग नर्स? नाही. मी तिथले डेटाबेस सांभाळते, असं सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर आधी जरा दया येते आणि लगेच आशा उगवते. मग तो घरच्या प्रिंटरचा विषय काढतो.

असे मी आजवर खूप प्रिंटर पाहिले. दोन मावश्यांचे टीव्ही, एका आजोबांचं कानातलं मशीन आणि एक कुकर, तोही केवळ त्यावर बटणं होती म्हणून. पण माझं खरं काम ज्यात येतं असं समाजातलं एकच यंत्र होतं, आणि त्यानंच माझी सगळ्यांत जास्त शोभा केली.

ते यंत्र कॉव्हेंट्रीच्या आमच्या विहारात आहे. विहार म्हणजे पूर्वीचं कार्पेटचं दुकान. एक हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि हॉलच्या एका भिंतीला पुस्तकांची कपाटं. समोर टेबलावर बुद्धमूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, ज्यातल्या माणसाचं नाव आमच्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. दर रविवारी साडेदहाला वंदना, मग कुणाचं तरी भाषण, मग जेवण. मी साधारण जेवणाच्या सुमाराला पोचायचे. नॉटिंगहॅमहून तासाभराचा रस्ता आहे आणि M69 या हायवेवर ट्रॅफिक असतं. रविवारी सकाळी M69 वर ट्रॅफिक नसतं हे विहारातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण कुणी कधी बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

पुस्तकं काकांच्या ताब्यात. काका माझे सख्खे काका नाहीत, ते सगळ्या विहाराचेच काका आहेत. वय ऐंशीच्या पुढे. उभा जन्म इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर गेला. काकू गेल्यापासून घरात त्यांचं मन लागत नाही, म्हणून विहाराची चावी त्यांच्याकडे असते आणि रविवारी पावणेदहाला कुलूप तेच उघडतात. पुस्तकांची यादी त्यांनी आधी वहीत केली, मग कार्डांवर, आणि तीन वर्षांपूर्वी मला म्हणाले, पोरी, हे सगळं कॉम्प्युटरवर घेता येईल का?

मी हुरळून गेले. नवऱ्याच्या ऑफिसातून बाहेर काढलेला एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर चांगला मोठ्यांना शोभेल असा डेटाबेस बसवला. कॉम्प्युटरच्या पोटात जागा कमी होती, आणि काकांना प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटोही हवा होता, म्हणून सगळा डेटा बाहेरच्या एका डिस्कवर ठेवला. विटेएवढी काळी पेटी, तिला स्वतःचा प्लग. ती पुस्तकांच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवली. मग सहा पानांच्या मराठी सूचना लिहिल्या, त्याला स्पायरल बाइंडिंग केलं आणि काकांच्या हाती दिल्या. काकांनी त्या सूचनांचीही यादीत नोंद केली. विहारात जे जे कागदाचं आहे ते यादीत गेलंच पाहिजे, असा त्यांचा नियम होता.

त्यांच्या यादीत नाव, लेखक, देणाऱ्याचं नाव आणि फळी एवढे रकाने मी केले होते. काकांनी एक वाढवून मागितला, शेरा. मला वाटलं, पान फाटलंय, कव्हर नाही, असलं काहीतरी लिहितील. काका पुस्तक वाचून शेरा लिहायचे. दोन बोटांनी टाइप करत, एकेका शेऱ्याला वीस-वीस मिनिटं. एका पाककृतींच्या पुस्तकापुढे आहे, "मिठाचं प्रमाण चुकलं आहे. स्वतः करून पाहिलं." यशस्वी कसं व्हावं या जाड पुस्तकापुढे, "देणाऱ्यानं वाचलेलं दिसत नाही." एका इतिहासाच्या ग्रंथापुढे नुसतं "हो." माझ्या सूचनांपुढे त्यांनी लिहिलं होतं, "वाचतो आहे." तीन वर्षं ते तसंच होतं.

लोक पुस्तकं नेण्यापेक्षा शेरे वाचायलाच जास्त यायचे. जेवून झालं की चार जण स्क्रीनपुढे उभे, आणि काका खुर्चीत मागे रेलून, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला दुखणं सुरू झालं. रविवारी सव्वाअकराला फोन आला, पोरी, तुझं ते उठत नाहीये. डेटाबेस म्हणजे पडद्यामागे बसणारा कारकून. कॉम्प्युटर चालू झाला की त्यानं आपणहून जागेवर यायचं आणि मग आपण विचारू ते कपाटातून काढून द्यायचं, अशी त्याची नोकरी असते. हा कारकून कामावर आलाच नव्हता. मी अंथरुणातूनच सांगितलं, बंद करून चालू करा. काकांनी केलं, आणि तो आला. मी परत पांघरूण ओढलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. सकाळी उठायचा नाही, सव्वाअकराला बंद करून चालू केलं की मुकाट्यानं उठायचा. माझ्या धंद्यात याला इलाज म्हणत नाहीत, हे मला कळत होतं. हॉस्पिटलात कुणी असं केलं तर मी त्याला उभं आडवं झापते. पण विहाराचं काम फुकटचं, आणि रविवार माझा हक्काचा.

हे मार्चपर्यंत चाललं. मग कमिटीची मीटिंग झाली. आमची सेक्रेटरी इथेच जन्मलेली, कामाला वाघीण, मराठी जमेल तशी बोलते. जयंतीच्या कार्यक्रमाला लंडनहून पाहुणे येणार होते, ते विहाराचं ग्रंथालय बघणार होते. पाहुण्यांपुढे एरर असलेली काळी स्क्रीन नको, असं तिचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. ती काकांना म्हणाली, "काका, जयंतीपर्यंत तो मशीन आपोआप सुरू नाही झाली तर आपण सगळी लिस्ट ऑनलाइन शीटवर टाकू. मी करते. तुम्ही आता थोडं रेस्ट घ्या."

तिच्या शीटमध्ये चार रकाने होते. शेरा नव्हता. तिनं मुद्दाम गाळला असं नाही, तिला त्या रकान्याची गरजच दिसली नव्हती. काकांनी तिच्यापुढे मान डोलावली. मला मात्र त्यांनी दुपारी फोन केला आणि पहिल्यांदाच जरा अजिजीनं विचारलं, पोरी, एकदा नीट बघशील का? रेस्ट हा शब्द त्यांना लागला होता. कारखान्यातून सुटल्यावर त्यांना सगळ्यांनी तोच सांगितला होता, काकू गेल्यावरही तोच.

मग पुढच्या रविवारी मी ते बघायला गेले. बारा वाजता, अर्थातच. कॉम्प्युटर सकाळचा तसाच रुसून बसला होता. मी लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्रानं स्वतःच लिहिलेली रोजनिशी, काय केलं आणि काय अडलं याची. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, डेटाचं फोल्डर सापडत नाही, सबब सुरू होता येत नाही. फोल्डर डिस्कवर. म्हणजे सकाळी कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा डिस्क जागेवर नव्हती. मी कपाटात वाकून पाहिलं, डिस्क जागेवर होती, निळा दिवा चालू होता. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. उठला. सहा वेळा केलं, सहाही वेळा शहाण्यासारखा उठला.

आता सरळ हिशेब आहे. दुपारी डिस्क आहे, सकाळी नाही. म्हणजे कुणीतरी ती काढतं आणि नंतर लावतं. सकाळी पहिलं कोण येतं? काका.

मला राग पटकन येतो, आणि आला की मला वाटतं तो माझ्या हुशारीचाच भाग आहे. जेवणाची पंगत बसली होती. मी हात पुसत पुसत सगळ्यांदेखत विचारलं, "काका, तुम्ही डिस्कचा प्लग काढता का? साफसफाईला वगैरे?"

"मी हात लावत नाही त्याला. तू सांगितलंयस ना, काढू नका म्हणून."

"कुणीतरी काढतंच. नकळत होत असेल. वय झालं की होतं असं."

"मी नाही काढत."

"लॉग खोटं बोलत नाही, काका."

काकांनी चमचा ताटात ठेवला. "मग मी बोलतो?"

मी ओठ मुडपून खांदे उडवले. काका उठले, ताट धुतलं, खिशातून चावी काढून सेक्रेटरीपुढे ठेवली आणि पुढच्या रविवारपासून तूच उघड, असं तिला सांगून बसस्टॉपकडे गेले. खीर त्यांनी घेतलीच नाही. खिरीचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. या मावशींकडे मूर्तीपुढचं टेबल असतं. फुलं, हार, दिवे, सगळं त्यांचं. त्या रागावल्या की बोलत नाहीत, वाढताना डाव खालीवर आपटतात. माझ्या वाटीत त्या दिवशी खीर जोरात पडली.

परतताना गाडीत मला वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला मी बरोबर असल्याचं समाधान वाटत होतं. म्हातारी माणसं हट्टी असतात, असं मी लेस्टर येईपर्यंत स्वतःला समजावत होते.

बुधवारी ऑफिसात डबा खाता खाता मी तो लॉग परत उघडला. पेन ड्राइव्हवर आणला होता, काकांविरुद्धचा पुरावा म्हणून. पहिल्यांदा मी फक्त एररची ओळ वाचली होती. आता खाली खाली वाचत गेले. डिस्क सापडली, असं त्यात दर रविवारी पुढे कुठेतरी लिहिलेलं होतं. एका रविवारी दहा चौतीसला. आदल्या रविवारी दहा एकतीसला. त्याच्या आधी दहा छत्तीस, दहा तेहेतीस, पुन्हा दहा चौतीस. हिवाळाभर हेच.

साडेदहाला वंदना सुरू होते. म्हणजे काका वंदनेच्या मध्येच उठून, कपाटापाशी जाऊन, वाकून प्लग लावतात? दर रविवारी? वंदनेच्या वेळी ते कुठे उभे असतात हे आठवायचा मी प्रयत्न केला आणि माझ्या लक्षात आलं की मला ते ठाऊकच नाही. त्या वेळी मी कुठे असते ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

मावशींना फोन केला. त्यांनी आधी नुसतं हं केलं. काका वंदनेला कुठे असतात, असं विचारल्यावर म्हणाल्या, "पुढे. तेच तर सांगतात वंदना. आम्ही मागून म्हणतो. तू आलीस कधी तर दिसेल तुला."

मी डबा बाजूला सारला. विहारातल्या सगळ्या माणसांत दहा चौतीसला ज्याचे दोन्ही हात सगळ्यांना दिसत असतात असा एकच माणूस होता, आणि मी नेमकं त्याच्यावर खापर फोडलं होतं. मला लाज वाटली. बऱ्याच वर्षांत एवढी वाटली नव्हती. त्याच दुपारी मी काकांना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

जयंतीआधीचा शेवटचा रविवार उरला होता. मी साडेनऊला विहाराच्या दारात हजर होते. M69 रिकामा होता, एक लॉरी आणि मी. सेक्रेटरीनं कुलूप उघडलं आणि घड्याळाकडे बघून, मग माझ्याकडे बघून विचारलं, सगळं ओके ना? काका दहाला आले. चावी नसल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मला जयभीम म्हणाले आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले. मी काहीतरी बोलायला जवळ गेले, तर त्यांनी पेपर उघडला.

पावणेदहालाच मी कॉम्प्युटर चालू केला होता. डेटाबेस उठला नाही. कपाटातल्या डिस्कचा निळा दिवा बंद. एखाद्या शहाण्या माणसानं तेव्हाच वाकून वायर कुठे जाते ते पाहिलं असतं. पण मला चोर रंगेहाथ पकडायचा होता. काकांना सगळ्यांसमोर निर्दोष सोडवायचं तर खरा गुन्हेगारही सगळ्यांसमोर सापडायला हवा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी कशालाही हात न लावता कपाट दिसेल अशी जागा धरली. दहा वाजून दहा मिनिटांनी एक गृहस्थ कपाटाशी घुटमळले तेव्हा मी श्वास रोखला. ते चष्मा शोधत होते.

साडेदहाला सगळे उभे राहिले. काका पेपर घडी करून पुढे गेले. चावी सोडली तरी वंदना काही त्यांनी सोडली नव्हती. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. माझे मात्र उघडे. मी एकेकाचे पाय बघत होते, कोण हळूच सटकतंय म्हणून.

कुणीच सटकलं नाही. फक्त मावशी टेबलापाशी होत्या. त्या वाकल्या, भिंतीवरचं एक बटण खाली केलं, आणि मूर्तीपुढचे विजेचे दिवे लागले. त्याच क्षणी कपाटात, सगळ्यांत खालच्या फळीवर, निळा दिवा लागला.

"आईशप्पथ," मी म्हणाले. मोठ्यानं.

हॉलमधले सगळे डोळे उघडले. काकांनी मागे वळून न पाहता त्रिशरण सुरू केलं. मीही हात जोडले. मागोमाग पंचशील आलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मला M69 आठवला, ओठ मुडपून उडवलेले खांदे आठवले, आणि त्या ओळीला माझा आवाज आपोआप बारीक झाला.

वंदना संपल्याबरोबर मी टेबलाखाली शिरले. भिंतीवरच्या बटणापासून एक एक्स्टेन्शन बोर्ड निघून कपाटामागे गेला होता. त्यात मावशींच्या दिव्यांचा प्लग होता, आणि शेजारी डिस्कचा. डिस्कच्या प्लगवर पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, डिस्क, काढू नये. अक्षर माझं होतं. तीन वर्षांपूर्वी कपाटाजवळच्या प्लगच्या दोन्ही जागा कॉम्प्युटर आणि स्क्रीननं भरल्या म्हणून तो प्लग तिथे मीच लावला होता. काढू नये म्हटलं होतं, आणि कुणीही काढला नव्हता.

टेबलाखाली बसूनच मी मावशींना विचारलं, हे बटण बंद का असतं? मावशींनी सांगितलं ते असं. पूर्वी मूर्तीपुढे मेणबत्त्या लावायचे. हिवाळ्याच्या तोंडाला एकदा अगरबत्त्यांचा आणि मेणबत्त्यांचा मिळून धूर झाला, अलार्म वाजला, फायर ब्रिगेडची गाडी आली, आणि जवानांना चहा पाजून परत पाठवावं लागलं. त्या रविवारपासून मेणबत्त्या बंद आणि विजेचे दिवे सुरू. जाताना त्या बटण बंद करतात, कारण हॉल बंद करताना सगळं भिंतीवरून बंद करायचं असा तेव्हापासूनचा नियम आहे. आणि सकाळी?

"सकाळी वंदनेला उभं राहिलं की लावते," मावशी म्हणाल्या. "दिवा काय आधीच लावून ठेवायचा असतो?"

झालं होतं ते इतकंच. काका पावणेदहाला कॉम्प्युटर लावायचे, कारण तो हळू उठतो. तेव्हा डिस्क निजलेली. डेटाबेस यायचा, फोल्डर शोधायचा, मिळालं नाही की हातपाय गाळून बसायचा. साडेदहाला दिव्याबरोबर डिस्क जागी व्हायची, पण हातपाय गाळून बसलेला डेटाबेस पुन्हा आपणहून उठायचा नाही. शिवाय डिस्क नसेल तर कॉम्प्युटरनं अडून बसावं, निदान बोंब तरी मारावी, अशी सोय असते. ती मीच काढून टाकली होती. बसवला त्या आठवड्यात एकदा वायर सैल झाली होती, कॉम्प्युटर अडून बसला होता आणि काकांचा फोन मला दुकानात भाजी घेताना आला होता. पुन्हा असला फोन नको म्हणून मी त्याला लिहून दिलं, डिस्क नसली तरी चालेल, पुढे जा.

मी टेबलाखालून बाहेर आले. गुडघ्यांना धूळ, केसांत फुलाची पाकळी. सगळे तिथेच उभे होते, माझ्या आईशप्पथचा खुलासा ऐकायला. मी म्हणाले, "काका, डिस्क तुम्ही काढली नव्हती. कुणीच काढली नव्हती. चूक माझी होती. मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

काकांनी दिव्यांकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. कारखान्यात लाइनवर उभं राहिलेल्या माणसाला आधी काय आणि मग काय हे समजावावं लागत नाही.

"म्हणजे ते वंदनेला थांबत नव्हतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू वंदना झाल्यावर यायचीस."

"हो, काका."

सेक्रेटरीनं पर्समधून चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "सॉरी काका," ती म्हणाली. "चावी तुमचाच आहे." काकांनी ती खिशात टाकली आणि खिशावर एकदा थाप मारली.

मावशींचं म्हणणं होतं, तो प्लग दुसरीकडे लाव आणि विषय मिटव. त्यांचं बरोबर होतं. पण माझी अब्रू गेली होती आणि ती एका प्लगनं परत येण्यासारखी नव्हती. मी बसून डेटाबेसला दोन ओळी लिहून दिल्या. डिस्क आल्याशिवाय उठू नकोस. डिस्क आली की लगेच ऊठ. मग जेवणं झाल्यावर म्हटलं, आता सगळं बंद करून रविवार सकाळसारखं पुन्हा सुरू करून बघू.

कॉम्प्युटर बंद केला, मावशींनी बटण बंद केलं. कॉम्प्युटर चालू केला. डेटाबेस पहिल्यांदाच गप्प बसून वाट बघत राहिला, एकही एरर नाही. मी म्हटलं, मावशी, लावा दिवा.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "असा नाही लावत मी. टेस्ट म्हणून?"

मी ततपप करायला लागले. सेक्रेटरीनं सुचवलं, मी बटण दाबते. मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं हात मागे घेतला. शेवटी काकाच खुर्चीतून उठले, टेबलापुढे गेले आणि हात जोडून उभे राहिले. मग बाकीचेही उठले. कुणाच्या तोंडात बडीशेप होती, कुणी ताट विसळता विसळता ओल्या हातांनी आलं. मावशी वाकल्या, दिवे लागले, कपाटात निळा दिवा लागला, आणि काकांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा त्रिशरण सुरू केलं. ते संपायच्या आत स्क्रीनवर यादी आली. आजवर मी नोकरीत खूप टेस्ट केल्या, पण सगळ्यांनी उभं राहून हात जोडून पार पाडलेली ही एकच.

जयंतीला पाहुणे आले. मी नऊ पंचवीसलाच पोचले होते, काका कुलूप उघडायच्याही आधी. वंदना झाली, यादी आली, पाहुणे स्क्रीनपुढे जमले आणि काका नेहमीसारखे खुर्चीत मागे रेलून बसले. लंडनच्या एका बाईंनी विचारलं, ही सगळी व्यवस्था कुणी केली? काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि बाईंना म्हणाले की तिनं याचं पुस्तकही लिहिलंय, शोधा यादीत. बाईंनी टाइप केलं. माझ्या सहा पानी सूचना समोर आल्या. नाव, लेखिका, फळी. "वाचतो आहे" हा जुना शेरा गेला होता. त्या जागी आता लिहिलं होतं, "वाचून झालं. सूचना चांगल्या आहेत. डिस्क कुणीही काढली नव्हती."

बाईंना काही कळलं नाही, त्या सभ्यपणे हसल्या. विहारातले सगळे मात्र छताकडे, भिंतींकडे, जमेल तिकडे बघत होते.

तो शेरा मला एका ओळीत पुसता येईल. सगळ्या डेटाबेसची किल्ली माझ्याकडेच आहे आणि काकांना पत्ताही लागणार नाही. मी पुसलेला नाही. उलट दर रविवारी वंदना झाली की त्याचा बॅकअप घेते.